विहीणबाईंच्या बिनकाट्यांच्या निवडुंगाची खुशाली

सान इसिद्रो,
शुक्रवार

आदरणीय विहीणबाई दोन्या प्रिमितिवा यांस,

क्रेसेन्सियाचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? व्याहीबुवांचा खोकला गेला की अजून घरातच मुक्कामाला आहे? इकडे सगळे सुखरूप आहेत. (आमचे हे सध्या बसत नाहीत, उभ्यानंच जेवतात. पण तब्येत ठणठणीत आहे.) मागच्या पत्रात तुम्ही पहिल्याच ओळीत ‘आमचा निवडुंग कसा आहे?’ असं विचारलंत, आणि पोटच्या लेकीची चौकशी तिसऱ्या ओळीत. तेव्हा मीही त्याच क्रमानं जाते. उत्तर जरा लांब आहे, चहा-कॉफी काय ते घेऊन बसा.

लग्नानंतर ओतिलियाच्या ट्रंकेत तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून तीन फडे ठेवले होते. खरं सांगू? तेव्हा मला रागच आला. आमच्या गावात निवडुंग नाही असं वाटलं की काय यांना? इथे कुंपणापासून न्याहारीपर्यंत तोच तर आहे! पण तुमचा म्हणे वेगळा, बिनकाट्यांचा. मोठा काटा एकही नाही हे कबूल. बारीक कुसळांबद्दल मात्र तुम्ही चकार शब्द काढला नव्हतात, आणि आमच्या घरातला पुढचा सगळा गोंधळ त्या कुसळांनीच घातला आहे.

पहिला फडा मी त्याच दिवशी लावला आणि गुलाबासारखं सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. आठवड्यात त्याचा मुरंबा झाला. दुसरा स्वयंपाकघरातल्या फळीवर सुकायला ठेवला होता, तर आमच्या यांनी, अबुंदियोंनी, सकाळी तो चिरून अंडी आणि हिरव्या मिरच्यांबरोबर परतला. वर मलाच म्हणतात, “विहीणबाईंकडची भाजी फार कोवळी आहे हो!” तिसरा ओतिलियानं न बोलता उचलला, मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापलीकडे भिंतीलगत कोरड्या मातीत अर्धा पुरला आणि हात झटकले. मी म्हटलं, “अगं, पाणी?” तर म्हणाली, “नको, दोन्या क्रेसेन्सिया.” (‘आई’ नाही, परक्या बाईला म्हणावं तसं ‘दोन्या’!)

झालं! त्या दिवसांत तिच्याकडून एवढे शब्द मिळाले म्हणजे मेजवानीच. ‘हो’, ‘नको’, ‘बरं’ एवढ्यावर तुमच्या लेकीनं आमच्याकडे अख्खं वर्ष काढलं. मी निकानोरला विचारलं, “बाबा रे, बायको आणलीस की देवळातली मूर्ती?” तो म्हणाला, “तिला वेळ दे, आई.” वेळ काय, मी सुट्टीच दिली असती! पण संध्याकाळी ती त्या भिंतीशी जाऊन बसायची, आणि विहीणबाई, ती निवडुंगाशी बोलायची! मला तीन शब्द आणि त्याला दिवसभराच्या बातम्या. (मी दाराआडून ऐकलं. कान लावून नव्हे, कान तिथेच होता म्हणून.) नवा फडा फुटला की ती तो मोडून शेजारी लावायची. बघता बघता माझ्या हनुवटीला लागेल अशी रांग उभी राहिली, आणि मी या वयात एका झुडपावर जळायला लागले.

मागच्या रविवारी पाद्रीबाबा जेवायला यायचे होते. मी निकानोरच्या लग्नातला मोतिया रंगाचा झगा घातला होता. सहज मागे गेले तर काय, निवडुंगावर जागोजागी पांढरे पुंजके! मला वाटलं, शेजारच्या त्रांकिलिनानं भिंतीला चुना लावताना उडवला. (शेजारधर्म तिला ठाऊकच नाही.) म्हटलं, पोरीच्या झाडाला जरा न्हाऊ-माखू घालावं, तिला बरं वाटेल, कदाचित चौथा शब्दही फुटेल. फडक्यानं पुसायला घेतलं. निघेना, म्हणून हातानं चोळलं. आणि बघते तर कोपरापर्यंत लालभडक! गालावर माशी बसली म्हणून हात फिरवला, तोंडही लाल. झग्याचं तर विचारूच नका. मी जी किंचाळले ती चर्चच्या घंटेलाही ऐकू गेली असेल.

आमचे हे त्या वेळी शिडीवर उभं राहून पाद्रीबाबांसाठी कागदी पताका बांधत होते. रक्त पाहिलं की यांना घेरी येते. वळून माझ्याकडे पाहिलं मात्र, आणि शिडी एकीकडे, हे दुसरीकडे. बसले ते थेट तुमच्या बिनकाट्यांच्या निवडुंगात. आणि ओरडले काय? “मेलो! मारलं हिनं!” (‘हिनं’ म्हणजे शिडीनं, असं आता सांगतात.)

तेवढ्यात भिंतीवर त्रांकिलिनाचं डोकं उगवलं. तिनं माझे हात पाहिले, यांना कण्हताना पाहिलं, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “अगंबाई! क्रेसेन्सियानं शेवटी केलंच!” विहीणबाई, बाकी सगळं मी विसरेन, पण ते ‘शेवटी’ मला अजून टोचतंय. गल्ली लोटली. एकाही बाईनं ‘का’ म्हणून विचारलं नाही, खाटकीणबाईंनी तर जवळ येऊन हळूच विचारलं, “कशानं गं?” पाद्रीबाबा आले ते गुडघ्यावर बसून यांच्यासाठी शेवटची प्रार्थनाच म्हणू लागले. हे कळवळून म्हणाले, “बाबा, प्रार्थना राहू द्या, चिमटा बघा!” मग शिपाई आला. “दोन्या, हातातलं हत्यार खाली ठेवा.” हातात पुसायचं फडकं होतं, ते मी निमूटपणे खाली ठेवलं.

आणि मग ओतिलिया बाहेर आली, हातात मक्याच्या गरम तोर्तियांची टोपली. तिनं मला पाहिलं, सासऱ्यांना पाहिलं, निवडुंगाला पाहिलं. एक पांढरा पुंजका बोटांवर घेऊन चिरडला आणि लाल झालेलं बोट शिपायासमोर धरलं. “रक्त नाही हो हे, किडे आहेत! माझी आजी यानंच लोकर रंगवायची.” एवढं बोलली आणि तिला हसू फुटलं. कसलं हसू! टोपली पडली, तोर्तिया घरंगळल्या, पोरगी जमिनीवर बसून पोट धरून हसतेय. (हसताना ती घोरल्यासारखा आवाज काढते हे लग्न ठरवताना तुम्ही लपवलंत. असो, मी माफ केलंय.) “आई, अहो आई, तोंड तर बघा आरशात!” असं म्हणाली आणि पुन्हा घोरली. आई म्हणाली, विहीणबाई. मला. मग मीच तिच्या शेजारी बसले आणि मेल्या किड्यांचा उद्धार करत हसत सुटले. रडलेही थोडी, पण त्या तोंडावर कोणाला कळणार!

पुढचं थोडक्यात. केसांवर घासलं की कुसळं निघतात असं त्रांकिलिनानं भिंतीवरून सुचवलं. आता ती जिथे घुसली होती तो भाग माणसानं स्वतःच्या केसांवर कसा घासायचा, ते तिनंच करून दाखवावं! शेवटी निकानोरनं वडिलांना पालथं पाडून चिमटा चालवला. मी आणि ओतिलियानं साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन सगळी रांग घासून काढली. दोन झाडं गेली, बाकीची वाचली. घासताना ती जी बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही. काल मीच म्हटलं, “बाई, जरा त्या निवडुंगाशी बोल!”

तुमच्या निवडुंगाची सासू,
क्रेसेन्सिया

ता. क. झग्याचे डाग निघाले नाहीत, म्हणून ओतिलियानं उरलेल्या किड्यांत तो अख्खाच रंगवून दिला. त्रांकिलिनाला आता तसाच हवाय. दोघींनी मिळून नाही सांगितलं.

ता. क. आणखी एक. पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं. तुमच्या डोंगरावरची ती निवडुंगाची आंबटढाण बोंडं टोपलीभर लागतील. इथल्या बाजारातली तिला चालत नाहीत. मीठ-तिखट लावून तुमचीच हवीत, आणि दुसरं काही पोटात ठरत नाही. पोरीला डोहाळे लागलेत, आजीबाई! टोपली बसनं पाठवू नका, स्वतः घेऊन या आणि चांगल्या राहायलाच या. खाट मी घातली आहे.

ता. क. शेवटचा. हे ती तुम्हाला रविवारी फोनवर सांगणार आहे. तुम्हाला एक शब्दही सांगणार नाही अशी तिनं माझ्याकडून शपथ घेतली आहे, आणि मी सांगितलेलं नाही, फक्त लिहिलंय. तेव्हा फोनवर नीट किंचाळा.