फोटोला हार

६ जानेवारी
माझ्या चौथीच्या वर्गाची सहल. आष्ट्याहून पहाटे निघालो. साताऱ्याकडचं नवं संग्रहालय, माजी सैनिकांनी वर्गणी काढून उभारलेलं. मोट, जाती, नाणी, तोफेचे गोळे. पोरांचा जीव सगळा डब्यात. शेवटची खोली सैनिकांची. तिथं माझ्या सासऱ्यांचा फोटो. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. बर्फातल्या चौकीवरून बेपत्ता झाले तेव्हा माझा नवरा, विलास, पाळण्यात होता. फोटोला चंदनाचा हार. आणि सासूबाई, आमच्या आत्या, आजही रोज सकाळी कपाळभर कुंकू लावतात. पोरं मोजून गाडीत बसवली, मन थाऱ्यावर नव्हतं.

७ जाने.
विलासला विचारलं. "फोटो मीच दिला. हारबी मीच घातला." वर जेवत राहिला. म्हटलं, आईला विचारलंस? "ती काय हो म्हणणार हाय? पेन्शन घेती आन् माणूस जित्ता हाय म्हणती. मी बापासाठी एकदा नीट रडलोसुदीक न्हाई." मला इतका राग आला होता, तो कुठं गेला कळेना.

९ जाने.
व्हायचं तेच झालं. तासगावचे चुलत सासरे आत्यांना सांगून गेले, "वैनी, दादांचा फोटो लय झ्याक लावलाय." हाराचं बोलले नाहीत. आत्या हरखल्या. "मला न्हे की गं एकदा." विलासला म्हटलं, आधी जाऊन हार काढ. "बघू दे तिला." बस, एवढंच. असला हट्टी माणूस. पण मी तरी कुठं आत्यांना सांगितलं.

१२ जाने.
गेलो, तिघं. आत्या ठेवणीतलं हिरवं पातळ नेसलेल्या. वाटेत दोनदा सांगायला तोंड उघडलं, मिटलं. भ्याले, दुसरं काय.
फोटोसमोर आत्या थांबल्या. "ह्यो कुणी घातला?"
विलास खाली बघून, "मी."
आत्यांनी टाचा उचलून हार काढला. राखणदार म्हणाला, मावशी, हात लावू नका. "आवं, माझं मालक हायत." हार पिशवीत टाकला. मग पदरानं काच पुसली, सावकाश, चारी कोपरे.
परतताना कराड आलं. मग आत्या म्हणाल्या, "एवढं मनात हुतं तर घरात बोलायचंस की रं." विलासनं गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. स्वतः रडल्या नाहीत. मला त्यांचीच भीती वाटली.

१४ जाने.
संक्रांत. दरवर्षी सुगडी घेऊन देवळात ओवसायला निघालेल्या सवाष्णींत आत्या सगळ्यांच्या पुढं. आज अंघोळ करून आरशासमोर बसल्यात त्या बसल्यातच. करंडा उघडा, कपाळ मोकळं. शेजारी तो हार. म्हटलं, आत्या, उशीर होतोय. "तू हो फुडं."
विलास दारातनं बघून परड्यात गेला. शेण काढतोय, एरवी कधी हात लावत नाही.
गल्लीतल्या बायका हाका मारून गेल्या. मी दोघींची सुगडी भरलीत. ऊस, हरभरा, बोरं, गाजर, तिळगूळ. दोन्ही उंबऱ्यापाशी मांडून ठेवलीत.