एका ओळखीच्या माणसाची गाठ

३ फेब्रुवारी
दाढी करताना मानेत, जबड्याखाली गाठ लागली. वाटाण्याएवढी. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही. अजिबात घाबरलो नाही. फक्त दाढी अर्धीच राहिली आणि तशीच ऑफिसला गेली.

उद्यापासून बुधवारच्या प्रार्थनासभेत माझी व्याख्यानं. विषय: संकटात टिकणारी मुळं. पाळकसाहेबांनी मलाच सांगितलं, कारण माझी श्रद्धा खोल आहे असं त्यांचं मत. 'खोल' हा शब्द माझा.

४ फेब्रुवारी
व्याख्यान फर्मास. शेवटी प्रार्थनेचे विषय मागितले. कुणाची सासू, कुणाची नोकरी. मग मी म्हटलं, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, त्याच्या मानेत गाठ आहे. यात खोटं काही नाही. मी मला चांगला ओळखतो.

ऑर्गनवाल्या बाईंनी विचारलं, डॉक्टरला दाखवली का? म्हटलं, त्याचा प्रभूवर भरवसा आहे. बाई म्हणाल्या, मग डॉक्टरवर काय राग आहे त्याचा? बाईंनी ऑर्गन वाजवावा, तेवढंच पुरे.

७ फेब्रुवारी, पहाट
ठराव: रोज पहाटे प्रार्थना. उठलो, गुडघे टेकले आणि उजाडेपर्यंत गाठ चाचपली. मोठी वाटली. चाचपून सुजली असेल. उद्यापासून हात पाठीमागे.

मफलर सुरू केला. एवढ्या उकाड्यात? बायकोने विचारलं. म्हटलं, ऑफिसचा एसी बाधतो. एसी बंद पडलाय हे तिला कुठे माहीत.

९ फेब्रुवारी
मंडळीत सगळ्यांना त्या माणसाचीच काळजी. पाळकसाहेबांचा फोन: त्याला घरी जाऊन भेटू या. म्हटलं, तो बाहेरगावी गेलाय. कुठे? म्हटलं, लांब. दुकानवाल्या काकांनी त्याच्यासाठी सूप पाठवलं. मीच प्यालो. म्हणजे पोचलं.

बायको त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. त्याच्या बायकोसाठी तर जास्तच. आवाज कापत होता. परक्या माणसासाठी इतकं? हळवी आहे. मुळं अजून वरवर आहेत तिची.

११ फेब्रुवारी
दुसरं व्याख्यान. भीती म्हणजे अविश्वास, हा मुद्दा. नेमका तिथेच घसा कोरडा पडला, दरदरून घाम. लोकांना वाटलं, भारावून बोलतोय. मलाही तेच वाटलं.

नंतर बाईंनी विचारलं, गाठ नेमकी कुठे आहे हो? मी मफलर सारून बोट लावून दाखवलं, इथे. बाई काही बोलल्या नाहीत. हे बाईंच्या बाबतीत नवीन.

१४ फेब्रुवारी
इंटरनेटवर गाठीबद्दल वाचायचं नाही असं ठरवलं. एकच पान वाचलं. मग त्याच्या खालचं. मग घास उतरेना, म्हणून उपास जाहीर केला. आंघोळीत बहुतेक रडलो. शॉवर चालू होता, नक्की सांगता येत नाही.

१८ फेब्रुवारी
तिसरं व्याख्यान झालं. प्रार्थनेला कोण पुढे होतंय, विचारलं. बायको उठली. सभेत ती कधी तोंड उघडत नाही.

म्हणाली, प्रभू, तो ओळखीचा माणूस फार घाबरलाय. घाबरू दे, त्याला रागावू नकोस. त्याच्या बायकोला गाठ केव्हाच दिसलीये. तो आपणहून सांगेल म्हणून ती थांबली, आता तिला धीर धरवत नाही. उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतलीये तिने. तो तिच्याबरोबर येऊ दे, एवढंच मागते.

पाळकसाहेब बंद बायबलकडे बघत बसले. बाई म्हणाल्या, आमेन. मग एकेक करत सगळे. माझंच राहिलं. कुणी डोळे उघडेना, कुणी उठेना. शेवटी म्हटलं.

१९ फेब्रुवारी
डॉक्टरांनी सुई घालून नमुना तपासायला घेतला. रिपोर्ट सोमवारी. काय येईल हे डॉक्टर सांगेनात. कधीपासून आहे, विचारलं. म्हटलं, दोन-तीन दिवस. बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. दोन-तीन आठवडे, म्हटलं.

घरी येऊन तिला सांगितलं, मला भीती वाटतेय. माझ्या तोंडाने, माझीच म्हणून. ती म्हणाली, मलाही. प्रार्थनेला बसलो तर मला एक शब्द सुचेना. तिलाही सुचला नाही. तिने हात धरला, तेवढंच झालं.

पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, पुढच्या बुधवारी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, दुसरं कुणीतरी बघा. ते म्हणाले, बघतो. तुम्ही नुसते येऊन बसा.