वरच्या मजल्यावरची पावलं

मी, प्रमोदिनी बळवंत सोहनी, वय वर्षे बाहत्तर, अविवाहित, राहणार तळमजला, ‘बळवंत-निवास’, फरीदाबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता, माझ्या हाताने लिहून ठेवीत आहे. साखर थोडी वर असते, गुडघे कुरकुरतात, पण डोकं ठिकाणावर आहे आणि कान तर उत्तमच आहेत. माझ्या वकील अ‍ॅड. अरुणा देवस्थळी यांनी ‘मजकूर थोडक्यात ठेवा’ असे बजावले आहे. ते मला जमणार नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि हे एकदाचे पुरे झाले की पुन्हा या भानगडीत पडायची इच्छाही नाही.

१. व्यवसाय. इथे नुसतं ‘निवृत्त’ लिहा, असं अरुणाबाई म्हणाल्या. कशातून निवृत्त, ते लिहायला नको का? मी सिनेमात दुसऱ्यांची पावलं वाजवत असे. शूटिंगच्या वेळी माइक नटाच्या तोंडाकडे असतो, त्याच्या पायांना कोणी विचारत नाही. त्यातून बाहेर गोंगाट असला की संवादही नंतर स्टुडिओत पुन्हा म्हणवून घेतात, आणि मग पडद्यावर माणूस बोलतो खरा, पण चालतो मुका. अशा वेळी पडद्यासमोर उभं राहायचं, त्याच्यासारखी पादत्राणं घालायची आणि त्याच्या पावलाबरोबर आपलं पाऊल टाकायचं. या कामाला फोली म्हणतात. लग्नकार्यात लोक विचारत, ‘सिनेमात? अच्छा! म्हणजे नेमकं काय करता?’ मी सांगत असे, आणि ते दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागत.

दिल्लीतल्या एका माहितीपट कंपनीत मी टायपिस्ट म्हणून लागले होते. खेड्यातल्या नर्सवर फिल्म होती. आमचे ध्वनिमुद्रक राजाभाऊ टंकलेखनाच्या खोलीत आले आणि म्हणाले, ‘सोहनी, जरा चपला घालून चालून दाखवा.’ मला वाटलं, माणूस बिघडला. पण त्यांना साडीतल्या बाईची चाल हवी होती आणि स्टुडिओत सगळे पँटवाले. मी चालले. ऐकवलं तेव्हा ती नर्स पडद्यावर खरोखर चालत होती, आणि चाल माझी होती. मी टाइपरायटरकडे परत गेलेच नाही.

तेव्हापासून एक खोड लागली ती लागलीच: कोण कसं चालतं ते ऐकायचं. दिग्दर्शक सेटवर येताना दणदण येतो आणि निर्मात्याच्या खोलीत शिरताना मांजर होतो. मेकअपवाला बोटांवर चालतो, कारण त्याचा नट नेहमी झोपलेला. संकलक दिवसभर हलत नाही, मग उठतो तेव्हा आधी दोन्ही पाय तिथेच आपटतो. लाइटवाले वायरी ओलांडून ओलांडून घरीसुद्धा पाय उचलून टाकतात, हे मला एकाच्या बायकोनं सांगितलं. सिनेमा हा कोणा एकाचा नसतो, हे मला त्यांच्या नावांवरून नाही, पायांवरून कळलं. कोणी विचारलंच तर हे मी तासभर सांगू शकते.

२. माझी हत्यारे. मागच्या खोलीतली सर्व पादत्राणे, कुलपे, अर्धे दार, रेतीचे व खडीचे ट्रे, बर्फावरच्या चालीसाठी ठेवलेली कॉर्नफ्लोरची थैली आणि पक्ष्यांच्या पंखांच्या फडफडीसाठीची काळी छत्री, हे सर्व वृंदा हिला द्यावे. ही दिल्लीत मुनिरक्याच्या एका खोलीत राहून शिकत होती तेव्हापासून माझ्याकडे येते. आता नोएडात आवाजाचंच काम करते. हल्ली सगळं कॉम्प्युटरमध्ये तयार मिळतं म्हणे. तरी ही पोरगी येते आणि विचारते, ‘मावशी, रागावलेली बाई जिना कसा उतरते?’ मी उतरून दाखवते. थैलीतलं कॉर्नफ्लोर खाण्याचं नाही, हे तिनं लक्षात ठेवावं.

३. कै. राजाभाऊ. त्यांनी मला काम शिकवलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. त्यांनी एकाही फिल्मच्या नामावलीत माझं नाव येऊ दिलं नाही, त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. ‘आवाज म्हटलं की त्यात सगळं आलं,’ असं म्हणत. वा रे वा! त्यांचा हेडफोन माझ्याकडे आहे, तो त्यांच्या घरी परत करावा. निरोप काही नाही.

४. बँकेतील ठेव. ती माझा भाचा विश्वास यास द्यावी. त्याचा राग येण्याजोगं मी पुढच्या कलमात लिहिते आहे, म्हणून हे आधी लिहिलं.

५. घर. हे कलम बरेच दिवस कोरं होतं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि निवृत्त होताना इथे फरीदाबादला त्यांनी हे घर बांधलं. तळमजला माझ्या नावे, वरचा मजला माझी धाकटी बहीण उल्का हिच्या नावे. विश्वास हा तिचा एकुलता एक मुलगा. मानेसरला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, राहतो गुडगावला. माझा मजला त्यालाच जाणार असा सगळ्यांचा समज, आणि खरं सांगायचं तर माझाही. पण त्याला घर पाडून बिल्डरकडून चार मजले उठवायचे आहेत. माझा मजला हाती आला की आईला तो दोन दिवसांत पटवील. म्हणजे मी इथे त्याचं नाव लिहिलं की उल्काचं राहतं घर गेलं.

पोरगा वाईट नाही. गेल्या महिन्यात माझ्यासमोर बसून म्हणाला, ‘मावशी, यार, प्रॅक्टिकल हो ना थोडी. लिफ्ट असेल. उद्या आईला जिना झेपला नाही तर काय करायचं?’

मला जे माहीत होतं ते त्याला माहीत नव्हतं. उल्काचा डावा पाय घासतो. तिचे यजमान दिनकरराव चार वर्षांपूर्वी गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू झालं. संध्याकाळी डोक्यावर तिची पावलं ऐकू येतात: उजवं जड, डावं फरफटत, मग थांबते, मग पुन्हा. जिन्यावरून उतरताना मात्र पाय नीट पडतो. मला वाटलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर लपवते आहे, कठडा धरून उतरत असेल. लहानपणीही ताप आला तरी सांगायची नाही. तिचा पाय खरंच निकामी होत चालला असेल तर विश्वासचं बिल्कुल बरोबर होतं, आणि घर पाडायलाच हवं होतं. तसं नसेल तर हे घर मोडणं म्हणजे तिला उपटून दुसरीकडे नेणं होतं. मला झोप लागेना.

अरुणाबाई म्हणाल्या, ‘एवढंच ना? मग विचारा ना त्यांना.’

त्यांना सांगावं लागलं की आम्ही बोलत नाही. दहा-अकरा वर्षं झाली. मी कामासाठी बाहेरगावी असताना या बाईसाहेबांनी माझी जोड्यांची अख्खी ट्रंक ‘जुनी पादत्राणं’ म्हणून देवळाबाहेर वाटून टाकली होती. एका फिल्मचं काम अर्ध्यात होतं. मध्यंतरानंतर त्यातला फौजदार वेगळ्याच बुटात चालतो. कोणाच्याही लक्षात आलं नाही, आणि याचंच मला जास्त लागलं. मी तिला म्हणाले, ‘तुला काय कळणार माझं काम!’ ती म्हणाली, ‘फाटक्या चपलांसाठी सख्ख्या बहिणीला बोलतेस?’ तिथून जे तोंड फिरवलं ते फिरवलं. दिनकरराव होते तोवर निरोप तेच न्यायचे-आणायचे. ते गेले तेव्हा मी वर जाऊन तिच्याजवळ बसले होते, पण बोलले नाही. त्याची मला लाज वाटते.

६. पाचव्या कलमाचा उर्वरित भाग. काल संध्याकाळी पावलं सुरू झाली आणि मी उठले. जिना चढले. बेल वाजवली. आतून फरफट, फरफट, आणि दार उघडलं.

‘काय झालं? बरी आहेस ना तू?’ उल्का घाबरून म्हणाली.

‘पाय दाखव तुझा,’ मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

‘कुठला पाय?’

‘डावा. घासतेस तू. डॉक्टरला दाखवलंस का?’

‘चल, काहीतरीच! रोज मार्केटपर्यंत चालत जाते मी. पाय ठणठणीत आहेत माझे.’

मी खाली पाहिलं. तिच्या एवढ्याशा पायात दिनकररावांच्या चपला होत्या. जाड तळाच्या, तपकिरी, पुरुषी, डावीचा पट्टा सैल झालेला. तिची टाच चपलेच्या मध्यावरच संपत होती. दुसऱ्याच्या चपला घालून दुसऱ्याची चाल काढणं यावर मी जन्मभर पोट भरलं, आणि चार वर्षं डोक्यावर तेच चाललं होतं तर मी त्याला दुखरा पाय समजले! फोलीवाली सोडून दुसरी कोणी असती तर दोन दिवसांत वर जाऊन नुसतं बघून आली असती. मी आपली कानांवर विसंबून खाली बसले.

तिनं माझी नजर पाहिली. मग आत जाऊन खुर्चीवर बसली.

‘घर फार शांत झालं गं, ताई,’ ती म्हणाली. ‘हे ऑफिसातून आल्यावर फेऱ्या मारायचे ना संध्याकाळी. मी स्वयंपाकघरात असायची आणि बाहेर ह्यांचं चालणं. बोलायचे कुठे फारसे? चालायचे. चपला कोणाला देऊन टाकाव्यात म्हणून काढल्या आणि सहज पायात घातल्या. चार पावलं टाकली आणि वाटलं, आलेच हे. वेडी झाले म्हणशील.’

‘नाही म्हणणार,’ मी म्हणाले, आणि मला रडू आलं. तीही रडली. ट्रंकेचा विषय दोघींनीही काढला नाही.

मग डोळे पुसून तिनं विचारलं, ‘खाली ऐकू जातं का गं? ह्यांच्यासारखं वाटतं का?’

खोटं बोलता आलं असतं. पण कामाच्या बाबतीत मी कधी खोटं बोललेली नाही.

‘नाही. लंगड्या बाईसारखं वाटतं.’

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. ‘मग शिकव ना. एवढी मोठी आर्टिस्ट ना तू!’

मी शिकवलं. चपलेत पुढे जुने मोजे कोंबले, म्हणजे टाच मागे जाईल. दिनकरराव टाच आधी टेकवायचे आणि वळताना डाव्या पायावर वळायचे, ते दाखवलं. तिचं वजन कमी पडत होतं, म्हणून दोन्ही हातांत पिठाच्या पिशव्या दिल्या. ‘खिडकीशी आलीस की थांब,’ मी म्हणाले. ‘ते खाली गाडी कोणी लावली ते बघायचे.’ ‘हो गं, हो! आणि मग घसा साफ करायचे,’ ती म्हणाली. ‘घशाचं आपण नंतर बघू,’ मी म्हणाले.

तेव्हा आता लिहिते. माझा तळमजला माझे पश्चात माझी बहीण उल्का हिला पूर्ण मालकीहक्काने मिळावा, म्हणजे तिच्या मर्जीवाचून या घराची एक वीटही कोणाला काढता येणार नाही. तिच्या पश्चात तिने आणि विश्वासने काय ते ठरवावे. विश्वास, तू हे वाचशील तेव्हा आईला चिडवू नकोस. लिफ्ट हवी तर बाहेरच्या भिंतीला लावून घे, त्यासाठीच ठेव दिली आहे. पण वरच्या खोलीतल्या मोझॅकच्या फरशीला ती असेपर्यंत हात लावायचा नाही. तुमच्या गुडगावच्या गुळगुळीत टाइल्सवर त्याच चपला घातल्या तरी तो दुसराच कोणी माणूस वाजेल. हे मला माझ्या धंद्यामुळे माहीत आहे, आणि या बाबतीत माझी कोणी चूक काढू नये.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अ‍ॅड. अरुणा देवस्थळी यांनी करावी. माझ्या मागे जोरजोरात रडू नये. तेराव्याला जेवायला येणाऱ्यांनी चपला दाराशी नीट ओळीने काढाव्यात.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो मला मान्य आहे. काल वरून खाली आले आणि दिवा न लावता खुर्चीत बसले. वर चालणं सुरू झालं. पहिल्या दोन फेऱ्या चुकल्या, मध्येच पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग टाच बरोबर पडायला लागली. डाव्या पायावर वळणं, खिडकीशी थांबणं. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘दिनकरराव, या ना खाली, चहा टाकते.’

स्थळ: फरीदाबाद
दिनांक: १८ नोव्हेंबर २०१९

(सही) प्रमोदिनी बळवंत सोहनी

प्रमोदिनीबाईंनी आम्हा दोघांसमक्ष सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. या मृत्युपत्रात आम्हाला काही मिळत नाही. चहा मात्र मिळाला.

साक्षीदार १: (सही) सूर्यकांत विनायक राजवाडे, शेजारी, निवृत्त रेल्वे अधिकारी
साक्षीदार २: (सही) कुमुद अनंत गोगटे, समोरच्या घरात राहणार, निवृत्त शिक्षिका