सोमवारचा प्रश्न

प्रिय बडबडे,

या नावाने हाक मारलेली तुला आता खपत नाही, हे मागच्या शनिवारी कळलं. पण कागदावर तरी मला तेवढी सवलत दे. माझी आधीची पत्रं न उघडता परत आली, म्हणून हे मावशीच्या हाती देतोय. ती तुझ्या आईची सख्खी बहीण, तेव्हा माझी बाजू घ्यायचा प्रश्नच नाही. पण सोमवारच्या आत तुझ्याच हातात देईन, एवढं तिने कबूल केलंय. सोमवारी न्यायाधीशबाईंनी तुला त्यांच्या खोलीत एकटीला बसवून विचारायचं ठरलं होतं, की बाबांना यापुढे भेटायचंय की नाही. त्याआधी तू हे वाचावंस.

आधी माझी खबरबात. आमच्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्यांचं काम जोरात आहे. म्हातारी माणसं हसायचं सोडत नाहीत, त्यावर आमचं पोट चालतं. परवा एका आजोबांनी नवीकोरी कवळी परत पाठवली. म्हणे, ही लावली की मी फार तरुण दिसतो, शेजारचे संशय घेतात. तू लहान असताना माझ्या टेबलावरच्या कवळ्यांना नावं द्यायचीस. वरची खालचीशी बोलत नाही म्हणून दोघींचा समेट घडवून आणायचीस. तेव्हा घरातही तेच चाललं होतं, आणि तुला त्यातलं काही कळत नाही, अशी आम्हा दोघांची समजूत होती.

कोर्टातली भेटीची ती खोली मला अजिबात सोसत नाही. भिंतीवर पिवळा हत्ती, चाक निखळलेली मोटार, आणि कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या देखरेखीच्या बाई. तू तेरा वर्षांची घोडी, आणि आपल्याला बसायला बालवाडीतल्या खुर्च्या. मांडीवरचं दप्तर तू खाली ठेवलं नाहीस. हत्तीकडे बघत म्हणालीस, “तुम्ही आम्हाला वाऱ्यावर सोडून गेलात. माझा तुमच्याशी काही संबंध नाही.” कालपरवापर्यंत ‘अरे बाबा’ म्हणणारी तू. आणि ‘वाऱ्यावर’च्या आधी जरा थांबलीस, अगदी आई थांबते तशी. मला राग आला, खोटं कशाला सांगू. तुझा नाही.

एकदाच सांगतो आणि पुन्हा सांगणार नाही: मी घर सोडून गेलो नव्हतो. कामावरून आलो तर दाराचं कुलूप बदललेलं होतं आणि माझे कपडे शेजाऱ्यांकडे बांधून ठेवले होते. हे आईला वाईट ठरवायला लिहीत नाही. ती घाबरली होती. मी तुला पळवून नेईन असं तिच्या मनाने घेतलं, आणि एकदा तिच्या मनाने घेतलं की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

मग माझी आगळीक झाली. तू बोलत होतीस आणि माझं लक्ष तुझ्या सुळ्यांकडे गेलं. टोकं झिजून पार सपाट. वर्षानुवर्षं झोपेत दात खाणाऱ्या मोठ्या माणसांचे असे साचे माझ्याकडे येतात. माझ्या हाताला साचे धरायची सवय. तो आपोआप पुढे गेला, तुझी हनुवटी दोन बोटांत पकडली आणि तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. प्लास्टरच्या साच्याला कसं वाटत असेल, याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तू खुर्चीसकट मागे सरकलीस, तुझे ओठ पांढरे पडले. बाईंनी लिहून घेतलं, की मुलीच्या इच्छेविरुद्ध अंगाला हात लावला. आईच्या वकिलांनी तो कागद आता कोर्टात लावलाय. माझे वकील कपाळाला हात लावून बसले.

मावशीला विचारलं, ही दात कधीपासून खाते? ती म्हणाली, कोर्टाची तारीख जवळ आली की सुरू होतं. आदल्या दिवशी उलट्याही होतात. सांगताना ती रडली. माझे वकील म्हणतात, अजून जिंकता येईल. पोरीला पढवलंय हे आपण सिद्ध करू. पढवलंय हे खरंच आहे. पण ते सिद्ध करायचं म्हणजे तुलाच पुन्हापुन्हा बसवून, खोदून खोदून विचारायचं.

आता मुद्द्याचं. आज दुपारी मी कोर्टात जाऊन तुला भेटू द्यावं म्हणून केलेला माझा अर्ज मागे घेतला. सोमवारी तुला तिथे जायचं नाही, सरळ शाळेत जा. बापाने हात झटकले, असं लोक म्हणतील. आई म्हणेलच, काही वर्षं तूही म्हणशील. मला त्याचं फार दुःख होतंय, आणि ते कमी होईल असं वाटत नाही. न्यायाधीशबाईंना तू काय उत्तर दिलं असतंस, ते मला शनिवारीच कळलं. पण भेटीच्या खोलीतलं ते वाक्य तुझं नव्हतं. सोमवारचं उत्तर मात्र तुझं ठरलं असतं, आणि मोठेपणी ते तुला जन्मभर वागवावं लागलं असतं. तेव्हा लक्षात ठेव, बाबा नकोत असं तू कधीच म्हणाली नाहीस. तुला कुणी विचारलंच नाही.

तू ‘तुम्ही’ म्हणालीस तरी तुझाच,
बाबा