तिलाच विचारा

पिंपळगाव बसवंत
६ जानेवारी २०२५

चि. सौ. कुसा हिस,

सावळीरामदादाचे अ. उ. आ. रागात लिहिलेत म्हणून कमी समजू नकोस.

फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. आपला टेंपो रोज नाशिकला येतोच; राजू ड्रायव्हर पत्र तुझ्या दारात देईल.

दवाखान्याचा निकाल तुला माझ्याआधी कळला, हे पहिलं दुःख. मला साखरेचा आजार, म्हणून माझी किडनी चालत नाही. आईचं वय झालेलं, तेजस्विनी दीपकची बायको असून तिचंही जुळत नाही. दीपकला चालते ती एकट्या तुझी. डॉक्टर मॅडमनी हे असं काही सांगितलं, की तुला पेढा आणि मला समजूत. मी म्हणालो, दोन महिने द्या, साखर खाली आणतो. त्या नुसत्या हसल्या. कुसा, आपल्या या धाकट्या भावाला मी शिकवलं, अंबडच्या कारखान्यात चिकटवलं, त्याचं लग्न लावलं. बाजार समितीत दुसऱ्यांची क्रेटं उचलत होतो तेव्हापासून त्याचं सगळं मी केलं. आणि नेमकं आता द्यायला माझ्याकडे काही नाही? मुंबईच्या खासगी दवाखान्यात नेतो म्हटलं, तर दीपकसाहेब म्हणाले, दादा, इथं सगळं सरकारी योजनेत बसतं, मी इथंच बरा.

तीन तास बाकावर होतो. भिंतीवर दवाखान्याचा इतिहास लावलाय, तो पाठ झाला. पत्र्याच्या शेडात बारा खाटा, एक डॉक्टर, दोन सुईणी, अशी सुरुवात. मग कॉलेज आलं, विद्यापीठ आलं. आता मजले मोजताना मान दुखते. डायलिसिसची यंत्रं तर तीन पाळ्यांत चालतात, आपल्या द्राक्षांच्या पॅकहाऊससारखी. शेजारी सुरगाण्याकडची एक बाई दुसरीला सांगत होती, इथं कोण कुणाचा ते कोणी पाहत नाही, नंबर आला की घेतात. तिला ते फार आवडलं होतं. मला नाही आवडलं. पिंपळगावात माझं नाव काढलं की खुर्ची पुढं येते.

आणि तुझा तिथं जन्मापासूनचा मान! तू त्याच दवाखान्यात झालीस, मी आपला घरी, अंधाऱ्या खोलीत. आई आता येईल त्याला हे सांगते. मी समोर बसलेला असतो आणि मलाच विचारते, कुसाचा फोन आला का.

कळावे. लोभ आहे तेवढाच ठेव; वाढलेला मला पेलणार नाही.

तुझा
सावळीराम

इंदिरानगर, नाशिक
१० जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,

कुसाचा सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसले, मग राग आला.

डायलिसिसच्या वॉर्डात तू द्राक्षांचं अख्खं क्रेट पाठवलंस. आहाराच्या मॅडमनी सांगितलं, पेशंटला फळ आम्ही ठरवू ते आणि तेवढंच. शेवटी बाहेरच्या नातेवाइकांनी खाल्ली. दीपक बिचारा काचेतून बघत होता.

हेवा कसला करतोस? तो मी केला, जन्मभर. दादाची बाग, दादाचा शब्द, दादा आला की सगळे उठून उभे. पन्नाशीत एकदा माझं नाव निघालं तर तुझ्या पोटात दुखायला लागलं! गावातलं महिला मंडळ माझा सत्कार करणार आहे म्हणे. साडी त्यांनी ठरवूनही टाकली.

परवा दवाखान्याच्या समितीपुढं माझी मुलाखत झाली. अवयव द्यायचा तर समाजसेवा अधीक्षक मॅडम सगळ्यांना विचारतात आणि त्याचं चित्रणही होतं. आमचे हे शेजारीच बसले होते. प्रश्न मला आणि उत्तरं ह्यांची. मी मान हलवत होते. आता घरातला मोठा म्हणून तुला २१ तारखेला बोलावलंय. ते झालं की ३० ला ऑपरेशन. जरा नीट बोल.

आईला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ मी कधी मोजला नाही, तूही मोजू नकोस.

तुझी
कुसा

पिंपळगाव बसवंत
२३ जानेवारी २०२५

चि. सौ. कुसा हिस,

अ. उ. आ. घाईत लिहितोय.

ऑपरेशन पुढं गेलं हे तुला कळलंच असेल. तुला ६ फेब्रुवारीला पुन्हा बोलावलंय, एकटीला. त्यांच्या काही पद्धती असतात. मला काय विचारलं म्हणशील, तर विशेष काही नाही.

इकडे थंडी जोरात आहे. मणी तडकायला नकोत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करतो. मालाची प्रत बरी आहे. गाड्या वेळेवर जातात. आई बरी आहे. तिची काठी नवी आणली.

कळावे. आशीर्वाद आहेतच.

सावळीराम

इंदिरानगर, नाशिक
३१ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,

सा. न. वि. वि.

दीपकचे पाय टम्म सुजलेत. मंगळवारी धाप लागली, तेव्हा आदल्या पाळीचा पेशंट उठताच त्याला यंत्राला लावलं. तेजस्विनी माझ्याकडे बघते आणि काही बोलत नाही. तिच्या जागी मी असते तर बोलले असते.

घरात तर आग लागलीय. ह्यांचं म्हणणं, समितीच्या कानात कोणीतरी काहीतरी घातलं. आळ आला सासूबाईंवर. डिसेंबरात त्या एकदा म्हणाल्या होत्या, घरात लग्नाची पोर असताना बाईनं अंगाला कापाकापी कशाला करून घ्यावी. तेवढ्यावरून हे स्वतःच्या आईशी बोलत नाहीत. तीन दिवस झाले, म्हातारी चहावर आहे. सासूबाई देवाची शपथ घेऊन सांगतात, की मी दवाखान्याची पायरीसुद्धा चढले नाही.

दादा, तुझे कान तिखट. तुला तिथं काही कळलं का?

कुसा

पिंपळगाव बसवंत
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कुसा हिस,

आधी सासूबाईंना जेवायला वाढ, मग पुढचं वाच.

तो मी.

२१ तारखेला दाराबाहेर बसलो होतो. दोन शिकाऊ डॉक्टर बोलत होते. एक म्हणाला, बहीण असावी तर अशी. दुसऱ्यानं विचारलं, ते काका कोण? पहिला म्हणाला, कोणी नाही, नातेवाईक असतील. कुसा, ज्या पोराला मी वाढवलं त्याच्या दारात मी कोणी नाही! तेवढ्यात आत बोलावलं. अधीक्षक मॅडमनी विचारलं, तुमच्या बहिणीवर कुणाचा दबाव आहे का? नाही म्हणायचं आणि उठायचं, एवढंच काम होतं. मी म्हणालो, ते तिलाच विचारा. नवऱ्यासमोर नको, एकटीला विचारा. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग लिहून घेतलं.

वाटलं, दोन दिवसांचा खोळंबा होईल. तुझं कौतुक दोन दिवस थांबावं, एवढंच होतं पोटात. दीपकचा श्वास त्यात अडकेल हे सुचलंच नाही. सौदा करताना समोरच्याच्या दहा चाली मला आधी दिसतात, आणि इथं एक दिसली नाही.

उद्या येतो. दाजींना आणि सासूबाईंना तोंडानं सांगतो. दीपकला सांगायचं की नाही ते तू ठरव.

लोभ मागायला तोंड नाही.

सावळीराम

विद्यापीठ रुग्णालय, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,

वॉर्डातल्या खाटेवरून कुसाचा सा. न. वि. वि.

तू आलास, ह्यांची बोलणी खाली मान घालून ऐकलीस. सासूबाईंनी तुला ताटावर बसवलं तेव्हा मी आत जाऊन रडले. पण माझं भलं व्हावं म्हणून तू ते बोलला नव्हतास, हे मला पक्कं ठाऊक आहे. कोणी तसं म्हणालं तर हो म्हणू नकोस.

आता ६ तारखेचं ऐक. अधीक्षक मॅडमनी दार लावलं, पाणी दिलं. म्हणाल्या, तुम्ही नाही म्हणालात तर घरच्यांना आम्ही एवढंच सांगू, की तपासणीत बसत नाही. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही. मग विचारलं, ताई, द्यायची आहे का?

दादा, निकाल लागल्यापासून सगळे मला धन्य म्हणत होते. देशील का, असं कोणी विचारलंच नव्हतं. आईनं नाही, ह्यांनी नाही. दीपकची तर हिंमतच झाली नाही. तूही नाही विचारलंस. तू माझ्याच जागेवर येऊन बसायला बघत होतास. मला भीती वाटते, हे मी त्या खोलीत पहिल्यांदा बोलले. दहा मिनिटं तरी मी नाहीच म्हणणार होते. मॅडमनी घाई केली नाही. मग मी हो म्हणाले. चित्रणात या वेळी माझाच आवाज आहे.

उद्या सकाळी आठला नेतात. आमची दोघांची ऑपरेशनं शेजारशेजारच्या खोल्यांत. देणाऱ्याच्या बाजूनं थांबणारा एक माणूस फॉर्मवर लिहावा लागतो. ह्यांना वाटलं त्यांचंच नाव असणार. मी तुझं लिहिलंय. आई, तेजस्विनी, सगळी दीपकच्या दाराशी असतील आणि तुझाही पाय तिकडेच ओढेल. तू माझ्या दाराशी बस. पाच तास लागले तरी हलू नकोस. आणि मला बाहेर आणलं की दीपकचं नंतर सांग, आधी मला विचार, दुखतंय का.

तुझी
कुसा