आयझान पडली तेव्हा

सबीरा,

माझं चौथं लेकरू, आयझान, तुझ्या ओटीत घातलं, त्याला वर्ष झालं. आपल्या नारिन भागात थोरल्या जावेनं मूल नसलेल्या धाकटीला लेकरू देणं काही नवं नाही. पण तू दर रविवारी तिला घेऊन येतेस आणि विचारतेस, "जाऊबाई, हिला टोपी घालू का? जावळ काढू का? दूध बदलू का?" दमले गं मी. एकदा दिलेलं लेकरू दर रविवारी पुन्हा द्यायचं, हे कुणाला झेपतं?

परवा आयझान पावलं टाकायला लागली म्हणून आपण रीतीप्रमाणे तिच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधला. पोरं शर्यत लावून धावली आणि पहिल्या आलेल्या पोरीनं तिची चाल मोकळी व्हावी म्हणून तो कापला. आयझान जरा चालली आणि तोंडावर आपटली. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. तुला वाटलं, तिला उचलायचा मान माझा, जन्म देणारीचा. मला वाटलं, तुझा. पोर गवतात रडत राहिली. शेवटी सासूबाई गुडघे धरत उठल्या. "दोन-दोन आया, आणि उचलायला म्हातारी," म्हणाल्या. सगळे हसले. तूही हसलीस.

हे पत्र तुला द्यायचं धैर्य माझ्यात नाही. रविवारी येशील तेव्हा नेहमीसारखे कणकेचे बोरसोक तळत असेन. पण ती पुन्हा पडली, तर मी कढईकडेच बघत राहीन. तू वळून बघशील, तेव्हा तुला माझी पाठ दिसेल. मग तरी धाव.

तुझी थोरली जाऊ,
अनारकुल