बाबांची जागा

११ मार्च
निकाल लागला. माझा नंबर नाही. लिपिकाची परीक्षा, तिसऱ्यांदा.
संध्याकाळी सांगितलं तेव्हा बाबा बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "ऑफिसातल्या मोडक्या खुर्चीचा तुझ्यापेक्षा जास्त उपयोग आहे. निदान कोणी बसतं तरी." धाकटा भाऊ फिस्सकन हसला. तो कॉलेज अर्धवट सोडून घरी लोळतोय, पण त्याला कोणी काही म्हणत नाही. मुलगा ना!
आई मोरीत भांडी घासत होती. नळ चालू होता. ऐकलं की नाही, कळत नाही तिचं.

१२ मार्च
पुस्तकं पुन्हा पहिल्या पानापासून. दुसरं काय करणार.

२ एप्रिल
बाबा ऑफिसच्या दारातच कोसळले. रेकॉर्ड विभागात शिपाई आहेत ते — सगळी हयात फायली वर न्यायच्या, खाली आणायच्या. हृदयाचं दुखणं आहे म्हणतात. सरकारी दवाखान्यात ठेवलंय. शुद्धीवर आले तेव्हा पहिलं वाक्य आईला : "ए, माझं घड्याळ कुठे घातलंस?" तिला ते 'ए'च म्हणतात. आम्हाला नावं आहेत.

४ एप्रिल
काका आले. बाबांच्या खाटेपाशी जेमतेम टेकले, मग आम्हा दोघा भावंडांना बाहेर बाकावर घेऊन बसले.
"वाईट वाटून घेऊ नका, पण व्यवहारही बघायला हवा. दादा जूनअखेर रिटायर होणार. एकदा रिटायर झाला की पेन्शन, आणि विषय संपला. पण नोकरीत असताना काही बरंवाईट झालं, तर घरातल्या एकाला सरकार नोकरी देतं. अनुकंपा म्हणतात त्याला. परीक्षा नाही, काही नाही."
परीक्षा नाही. तेवढंच ऐकू आलं मला. लाज वाटायला हवी होती. वाटली, पण उशिरा आणि थोडीच.
निघताना काकांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या नाही.

७ एप्रिल
धाकटा दवाखान्याच्या फाटकापाशी म्हणाला, "ताई, तू सही देशील ना? बाकीच्यांची हरकत नाही असं लिहून द्यावं लागतं."
"आधी त्यांना जाऊ तर दे."
दोघंही हसलो. खरंच हसलो, पोट धरून. मग एकमेकांकडे बघवेना.
सही देणार नाही. पुस्तकांत डोळे मी फोडलेत, त्याने नाही.

१० एप्रिल
बाबांना सगळं कळलंय. आज मी त्यांचा डबा उघडत होते तर म्हणाले, "काय, उमेदवार? तब्येत बघायला आलात की जागा बघायला?"
मी पोळी ताटलीत काढली.
"मी मुद्दाम जगणार आहे. तीस जूनपर्यंत. एक जुलैला तुमची तोंडं बघायचीत मला." आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की खोकला थांबेना. आई पाठ चोळायला गेली तर तिचा हात झटकला. "तू लांब हो. दहावी पास!" हा त्यांचा जुना विनोद. पाहुणे आले की सांगतात — आमची ही दहावी पास आहे बरं का, हिशेब विचारा तिला.

१५ एप्रिल
बरे दिसतायत. चेहऱ्यावर तरतरी आलीय. नर्स म्हणाली, नशीबवान आहात.
मी हो म्हटलं.

१९ एप्रिल
दाढी करून दे म्हणाले. कधी नव्हे ते. साबण लावताना गाल हाताला लागले, पार आत गेलेत. डोळे मिटून पडले होते. मध्येच म्हणाले, "पुढची परीक्षा कधी?"
"डिसेंबरात."
"गणित कच्चं आहे तुझं. पहिल्यापासून. मी शिकवायला हवं होतं." थोडं थांबून, "मलाही कुठे येत होतं म्हणा."
वस्तरा घसरला. हनुवटीला कापलं थोडं. ओरडले नाहीत.
असं वागू नका ना आता. शिव्या द्या. ते सोपं जातं.

२२ एप्रिल
डॉक्टरांनी बोलावलं. ऑपरेशन लागेल, ते इथे होत नाही, मोठ्या हॉस्पिटलात हलवा. उद्याच. गाडी इथूनच मिळेल, खर्चाचीही सोय होईल. नेलंत तर वाचतील, म्हणाले. सरळ सांगितलं.
काका म्हणाले, "एवढा प्रवास? वाटेतच काही झालं म्हणजे? इथे निदान आपल्या माणसांत आहे." धाकटा खाली बघत चप्पल घासत होता.
आई माझ्याकडे वळली. "तू शिकलेली आहेस. तू सांग. तू म्हणशील तसं करू."
एवढ्या वर्षांत मला कोणी असं विचारलं नव्हतं. मला माहीत होतं काय म्हणायचं. ओठांवर होतं.
म्हटलं, "काका म्हणतात ते बरोबर आहे."
आईने मान हलवली. नेणार नाही असा कागद डॉक्टरांनी पुढे केला, तिने त्यावर सही केली. सही छान वळणदार आहे तिची. मी पहिल्यांदाच पाहिली.

२५ एप्रिल
बाबा गेले. पहाटे.

८ मे
रडून झालं. खरं रडले, खोटं नाही. पण मधूनच मन विचारतं — अर्ज कधी करायचा?
धाकटा आणि मी आज भांडलो. तो म्हणे मी मुलगा. मी म्हटलं, मी पदवीधर. काका त्याच्या बाजूने. कपाट उघडून तो बाबांच्या नोकरीचे कागद शोधायला लागला तर मी त्याच्या मनगटाला चावले. चावले! पंचवीस वर्षांची बाई मी.
आई दारात उभी होती. म्हणाली, "भांडू नका. अर्ज मी दिलाय."
"कोणाच्या नावाने?"
"माझ्या."
काकांचा चहा कपातच राहिला. म्हणाले, "वहिनी, तुम्ही? या वयात? कसली नोकरी करणार तुम्ही?"
"शिपायाची. दहावी पास लागते."

९ मे
कोणीच कोणाशी बोलत नाही. आई गुणगुणतेय.

३ ऑगस्ट
आई आजपासून कामावर. त्याच विभागात. निघताना म्हणाली, "जेवण करून ठेव. आणि डिसेंबरच्या परीक्षेचं बघ, वेळ घालवू नकोस." बाबांचं घड्याळ मनगटावर. पट्टा मोठा होतो, एक भोक पाडून घेतलंय.

१९ ऑगस्ट
आई चष्मा विसरली म्हणून ऑफिसात द्यायला गेले. हेडक्लार्क भला माणूस, बसा म्हणाले. "तुमच्या आई मोठ्या धीराच्या हो. कामाला चोख. वडिलांना दवाखान्यात ठेवलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या माझ्याकडे. सगळं नीट विचारून घेतलं — पहिला हक्क बायकोचाच ना, वय बसतं ना. नाहीतर बायका कोलमडून जातात अशा वेळी."
दुसऱ्याच दिवशी. काकांच्याही आधी.
मग डॉक्टरांसमोर ते माझ्याकडून का वदवून घेतलं?